चालू का मोजू?

संध्याकाळी सहाच्या सुमारास आठ रस्ता चौक पायी ओलांडणं म्हणजे काय, हे नागपूरकरांना सांगायला नको. त्यात डिसेंबर. अधिवेशन सुरू, सायरनच्या गाड्या, एरवी वर्धा रोडने जाणारी गर्दी गल्ल्यांमधून वाट काढत लक्ष्मीनगरात घुसलेली. बाबा आणि मी रोजच्यासारखे फिरायला निघालो होतो. त्यांच्या डोक्याला कानटोपी, माझ्या हातात संत्र्यांची पिशवी. अर्धा रस्ता पार झाला आणि मी सहज विचारलं, "बाबा, गॅस बुक केला का?" बाबा थांबले. तिथेच, रस्त्याच्या मधोमध. माझ्याकडे वळले, चष्मा वर सरकवला आणि शांतपणे म्हणाले, "केला ना. परवाच केला." त्यांच्या डाव्या हाताला एक ॲक्टिव्हा कचकन थांबली. "ओ काका, रोडच्या मधात काहून उभे राहून राहिले!" पोरगा ओरडला. बाबांनी त्याला तळहात दाखवून थांबवलं, "पावती फ्रिजवर आहे" एवढं वाक्य पुरतं केलं आणि मग पुढचं पाऊल टाकलं.

घरी हा किस्सा हसत सांगितला गेला. आईने कपाळावर हात मारला. मला मात्र तो तळहात दाखवून वाक्य पुरतं करणारा माणूस काही केल्या डोक्यातून जाईना. दुसऱ्या दिवसापासून मी लक्ष ठेवायला लागले, आणि दिसलं ते असं की बाबा बोलायचं झालं की थांबतातच. आतापर्यंत मला ती त्यांची ढब वाटत होती. आपल्याकडे पुरुषमाणसं उभं राहूनच बोलतात. बाबांच्या मित्रमंडळींतले चौघे फिरायला निघाले की फुटपाथवर घोळका करून दिल्लीचं सरकार पाडल्याशिवाय पुढे सरकत नाहीत. पण ते वेगळं आणि हे वेगळं. ते मुद्दा पटवायला थांबतात. बाबा "हो" म्हणायलाही थांबत होते. "थंडी वाजते का?" थांबणं. "नाही." चालणं. बोलणं संपलं की पाय आपोआप सुरू, जणू कोणी मधे बोट ठेवलं होतं आणि काढून घेतलं.

खुपलं ते यासाठी की हा माणूस एका वेळी तीन कामं करताना मी पाहिलेला आहे. बाबा रेल्वेच्या तार ऑफिसात होते. आम्ही अजनीच्या क्वार्टर्समध्ये राहायचो, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांचा डबा घेऊन जाण्याचं काम माझ्याकडे असायचं. बाहेर डांबर वितळत असायचं आणि आत वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारलेलं. ओल्या वाळ्याचा आणि कार्बन पेपरचा मिळून जो एक वास होता, तो पुन्हा कुठे आला नाही. टेबलावर तारेचे ठोके वाजवणारा पितळी साउंडर, त्याच्या बाजूला आवाज मोठा व्हावा म्हणून खोचलेला रिकामा पत्र्याचा डबा, आणि त्यातून कडकट्ट कडकट्ट चाललेलं. बल्लारशा स्टेशन बोलतंय की आमला, हे बाबांना नुसत्या ठेक्यावरून कळायचं. माणसागणिक हात वेगळा, म्हणायचे. त्यांचा उजवा हात फॉर्मवर लिहीत असायचा, डाव्या हातात चहाचा कप, आणि तोंडाने शेजारच्या काकांशी व्हीसीएच्या मैदानावरच्या कुठल्या तरी मॅचची उजळणी. मी दारात दिसले की भुवई उंचावून डबा कुठे ठेवायचा तेही सांगायचे. आणि एक गोष्ट मला फार दिवस संशयाची वाटायची. साउंडर थांबलेला असला तरी बाबांचं पेन पुढे चालूच असायचं. मला वाटायचं, हे मनचंच लिहितात.

मनचं नव्हतं ते. अमेरिकेत विल्यम ब्रायन आणि नोबल हार्टर या दोघांनी 1897 आणि 1899 साली तारबाबूंवरच अभ्यास केले होते. हार्टर स्वतः पूर्वी तारेच्या कामात होता. नवखा माणूस कानावर पडलेलं एकेक अक्षर पकडून ताबडतोब कागदावर उतरवतो. मुरलेला मात्र मुद्दाम काही शब्द मागे राहून लिहितो. जे ऐकलं ते डोक्यात धरून ठेवायचं, हाताने आधीचं उतरवायचं आणि कानाने पुढचं घ्यायचं, असं तिन्ही एकदम. हे जमतं कारण त्याच्या कानाला आता अक्षरं ऐकू येतच नाहीत, शब्द आणि वाक्यांचे तुकडे ऐकू येतात. जॉर्ज मिलर यांनी 1956 साली सात अधिक-उणे दोन ही डोक्यात एका वेळी मावणाऱ्या गोष्टींची मर्यादा सांगितली, नंतर 2001 साली नेल्सन कोवन यांनी ती चारच्या आसपास आणली. पण चार काय, हे महत्त्वाचं. चार अक्षरं मावली तर काही हाती लागत नाही, चार वाक्यखंड मावले तर अख्खी तार मावते. ब्रायन-हार्टर यांच्या आलेखात एक सपाट पट्टाही आहे. शिकाऊ माणूस वेगाने वर जातो आणि मग आठवडेच्या आठवडे तिथेच अडकतो, घोकत राहिला तरी वेग वाढत नाही, आणि मग कधीतरी एकदम वर उसळतो. बाबांना हे वाचून दाखवलं तर म्हणाले, "हो मग. ट्रेनिंगमध्ये आम्ही रडलो होतो त्या टायमाला."

तोच माणूस आता "थंडी नाही" एवढं सांगायला थांबतो.

फिजिओथेरपीसाठी नेलं ते खरं तर गुडघ्यासाठी. मुलगी यवतमाळची, वयाने माझ्या भाचीएवढी, कामात चोख. तिने गुडघा पाहिला, पायाच्या तळव्यांना बारीक काडी टोचून कुठे कळतं नि कुठे नाही ते पाहिलं. बाबांना शुगर आहे, बोटांपाशी कमीच कळतं. मग खुर्चीवर बसवून म्हणाली, आजोबा, उठायचं, तीन मीटरवरच्या पट्टीपर्यंत जायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. ते झालं. मग हातात काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला देऊन तेच. तेही झालं, थोडं सावकाश, पण थेंब सांडला नाही. कढईतल्या तेलाकडे पाहावं तसे पेल्याकडे पाहत गेले. मग तिने सांगितलं, आता चालता चालता शंभरातून सात-सात वजा करायचे, मोठ्याने. बाबा उठले. "त्र्याण्णव." दोन पावलं. "शहाऐंशी." एक पाऊल, तेही आखूड. मग थांबले, छताकडे पाहिलं, "एकोणऐंशी" म्हणाले आणि चालू लागले. ती म्हणाली, आजोबा, थांबायचं नाही. तेव्हा बाबांनी तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं की जी नजर पूर्वी फक्त अकाउंट्स खात्यातल्या माणसांसाठी राखीव होती. "बेटा, चालू का मोजू? एक काय ते सांग."

ती हसली नाही. नोंद केली.

सात-सात वजा करण्यात गणिताची परीक्षा नसते, हे तिनेच नंतर समजावून सांगितलं. शहाऐंशी हा आकडा हातात धरून ठेवायचा आणि त्याच हाताने त्यातून सात काढायचे, यात डोक्यातली कामाची जागा व्यापून जाते. ॲलन बॅडली आणि ग्रॅहम हिच यांनी 1974 साली जिला कार्यकारी स्मृती म्हटलं, ती हीच. नुसतं साठवणं नाही, साठवता साठवता त्यावर काम करणं. ती किती नाजूक असते ते त्याही आधी, 1959 साली पीटरसन दांपत्याने दाखवलं होतं. माणसाला फक्त तीन व्यंजनं सांगायची आणि लगेच कुठल्या तरी आकड्यापासून तीन-तीनने उलटं मोजायला लावायचं. अठरा सेकंदांत ती तीन अक्षरं बहुतेकांच्या डोक्यातून गेलेली असतात. आजार नसलेल्या, तरण्याताठ्या विद्यार्थ्यांच्या. मग प्रश्न उरतो तो एवढाच की या जागेची गरज चालायला का पडावी? तरुणपणी चालणं पाठीतला मज्जारज्जू, लहान मेंदू आणि मेंदूच्या तळातली केंद्रं मिळून परस्पर उरकतात, वर कळवायचीही गरज नसते. पुढे तळव्यांकडून खबर कमी येते, कानातला तोल मंदावतो, नजर अधू होते, आणि मग प्रत्येक पावलाची फाइल कपाळामागच्या साहेबाच्या टेबलावर जायला लागते. साहेब हुशार आहे, पण कारकुनाची कामं त्यालाच करावी लागली तर बाहेर कोणी बोलायला आलेलं त्याला चालत नाही.

1997 साली स्वीडनमधल्या लिलेमोर लुंडिन-ओल्सॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक छोटा लेख लिहिला. वृद्धांच्या निवासातली 58 माणसं. त्यांच्यासोबत चालायचं आणि वाटेत बोलायला सुरुवात करायची, एवढाच प्रयोग. 12 जण बोलताना थांबले. पुढच्या सहा महिन्यांत त्या 12 पैकी 10 जण पडले. कुठलं यंत्र नाही, सुई नाही, मला तर ही कल्पना ऐकूनच हेवा वाटला. पण हा आकडा रात्री अकरा वाजता मोबाइलवर वाचण्याच्या लायकीचा नाही. झोप गेली माझी. सकाळी पुन्हा नीट वाचलं तेव्हा दुसरी बाजू दिसली, की जे थांबले नाहीत त्यांच्यातलेही 11 जण पडलेच होते. म्हणजे न थांबणं ही काही खात्री नाही. आणि मी फिजिओला विचारलं तेव्हा तिचं म्हणणं वेगळंच निघालं. थांबणं हा दोष नाही, ती म्हणाली, दोन्ही झेपत नाहीत हे शरीराला कळलंय आणि ते आधी तोल वाचवतंय. ज्यांना हे कळत नाही, जे डगमगत असताना गप्पा मारत जातात, त्यांची तिला जास्त काळजी वाटते. "तुमच्या बाबांची निवड बरोबर आहे, फक्त जागा चुकली." आठ रस्ता चौक ही जागा नव्हती, हे मान्यच.

यानंतरचे काही आठवडे मात्र आमचं फिरणं बिघडलं. बाबा बोलत असायचे आणि मी त्यांचे पाय पाहत असायचे. टाच आधी टेकते की पंजा, वळताना किती पावलं घेतात, उजवा पाय घासतो का. ते बल्लारशाच्या त्या स्टेशनमास्तरची गोष्ट सांगत होते, ज्याने पुराच्या रात्री मालगाडी थोपवली होती. ही गोष्ट मी आधी ऐकलेली नव्हती आणि अजूनही ऐकलेली नाही, कारण त्या पूर्ण गोष्टीतून माझ्या हाती लागलं ते फक्त "मालगाडी" आणि "मग काय". कॉलिन चेरी यांनी 1953 साली लोकांच्या दोन कानांत दोन वेगळी भाषणं सोडली होती, आणि एकाच कानातलं मोठ्याने म्हणत राहायला सांगितलं होतं. दुसऱ्या कानात काय चाललं होतं? पुरुषाचा आवाज बाईचा झाला तर कळायचं. मधेच नुसती शिट्टीसारखी पट्टी वाजली तरी कळायचं. पण भाषा बदलली तरी बहुतेकांना पत्ता नसायचा. माझं अगदी तेच झालं होतं. बाबांचा आवाज चालू आहे एवढं कळत होतं, तो थांबला की दचकायला होत होतं. पुढे 1959 साली नेव्हिल मोरे यांना आढळलं की दुर्लक्षित कानात स्वतःचं नाव आलं तर सुमारे तिसरा हिस्सा माणसांना ते ऐकू येतं. मलाही आलं. बाबांनी मला घरच्या नावाने हाक मारली, "ऐकून राहिली ना?" मी म्हटलं हो. त्यांनी स्टेशनमास्तर तिथेच सोडून दिला.

ज्याला आपण आजकाल मल्टिटास्किंग म्हणतो आणि नोकरीच्या अर्जात गुण म्हणून लिहितो, त्यातलं बहुतेक असंच असतं. दोन कामं एकदम होत नाहीत, झरझर इकडून तिकडे उड्या मारल्या जातात आणि दर उडीत थोडं सांडतं. बायकांना हे जन्मजात जमतं म्हणणारे तर मला ठारच आवडत नाहीत. आईला एका वेळी कुकर, फोन आणि दूधवाला सांभाळावा लागतो, यावरून तिला ते सोपं जातं असं कोणी ठरवलं? शिट्ट्या मोजायला ती मला बसवते, यातच काय ते आलं.

जमतं ते वेगळं. हात मुरलेला असला की जमतं. आमच्या कोपऱ्यावरचा तर्री-पोहेवाला सकाळी आठला पाहावा. पळीने पोहे उचलायचे, त्यावर चण्याची तर्री, शेव, कांदा, सांबार म्हणजे आपली कोथिंबीर, लिंबाची फोड, हे करताना त्याची नजर प्लेटवर नसते, समोरच्या गर्दीवर असते. कोणाची कमी तिखट, कोणाची तर्री वेगळी, कोणी पैसे दिले, कोण न देता स्कूटरकडे सरकतोय. त्याला मी एकदा विचारलं, भाऊ, पळीत किती घेता हो नेमके? त्याने पळीकडे पाहिलं आणि त्या प्लेटमध्ये चक्क कमी पोहे पडले. यावर शास्त्रोक्त प्रयोग आहे. सायन बायलॉक आणि सहकाऱ्यांनी 2002 साली फुटबॉल खेळाडूंना चेंडू पायाने घोळवत न्यायला लावलं. एकदा कानावर पडणाऱ्या शब्दांकडे लक्ष ठेवून, एकदा स्वतःच्याच पायाकडे लक्ष ठेवून. कसलेल्या खेळाडूंचा चांगला पाय दुसरीकडे लक्ष असताना नीट चालला, पायाकडे लक्ष दिल्यावर मंदावला. नवख्यांचं उलट. गॅब्रिएल वुल्फ यांनी 1998 पासून याच धाग्यावर काम केलंय की हालचाल शिकताना लक्ष अवयवावर नको, बाहेर कशावर तरी हवं. म्हणूनच आमच्या फिजिओने मला एक वाक्य बंद करायला लावलं. "बाबा, पाय उचलून टाका" हे मी दर दहा पावलांनी म्हणत होते. त्याऐवजी म्हणायचं, "त्या गुलमोहरापर्यंत जाऊ." बाबा गुलमोहरापर्यंत खरोखरच बरे चालतात. आणि मी पाय पाहणं सोडल्यावर गोष्टीही परत आल्या, स्टेशनमास्तर वगळता.

चौक आला की आता मी गप्प होते. बाबांच्या हे लक्षात यायला वेळ लागला नाही. "तू रस्ता आला की मौनव्रत काय घेते?" मी सांगितलं. अमेरिकेतल्या युटा विद्यापीठाचे डेव्हिड स्ट्रेअर यांचं काम सांगितलं. 2001 सालच्या प्रयोगात फोनवर बोलणाऱ्यांकडून लाल दिवे निसटले, आणि फोन हातात होता की कानात नुसती वायर होती याने फरक पडला नाही. हात मोकळे ठेवून उपयोग नव्हता, कारण अडकलेले हात नव्हतेच. रेडिओ ऐकणाऱ्यांना मात्र तसा त्रास झाला नाही. 2008 सालचं तर मला फार आवडलेलं. ड्रायव्हिंग सिम्युलेटरमध्ये एकाला फोनवरच्या मित्राशी बोलायला लावलं, दुसऱ्याला शेजारी बसलेल्या मित्राशी. फोनवाले ठरलेल्या ठिकाणी महामार्गावरून बाहेर पडायला जास्त चुकले. शेजारचा माणूस रस्ता पाहत असतो; ट्रक आला की वाक्य अर्धं सोडतो, वळण आलं की "इथून, इथून" म्हणतो. फोनवरच्या माणसाला ट्रक दिसत नाही, तो बोलतच राहतो. बाबांनी हे सगळं ऐकलं, अर्थातच उभं राहून, आणि म्हणाले, "म्हणजे तू माझी पॅसेंजर." मग त्याचा सूडही घेतला. परवा मी त्यांना ॲक्टिव्हावर मागे बसवून अजनीच्या पुलावरून नेत होते, पुढे सिटी बस, बाजूला ऑटो, आणि कानामागून आवाज आला, "तेरा साते किती?" माझा हात ॲक्सिलेटरवरून सुटला. मागे पाठीला हसण्याचे धक्के बसत होते.

हाताचं एक कोडं मात्र राहतंच. जेवताना बाबांची बोटं स्टीलच्या पेल्यावर काहीतरी वाजवत असतात. पूर्वी मला तो ठेका वाटायचा. एकदा टीव्हीवर अवकाळी पावसाची बातमी चालू होती, बाबा आईशी तिखटावरून वाद घालत होते आणि बोट चालू होतं. मी विचारलं, काय वाजवता? त्यांनाच माहीत नव्हतं. "थांब, पाहू दे." पुन्हा वाजवलं, स्वतःच्याच बोटाकडे कान देऊन वाचलं. डब्ल्यू, ए, आर, डी, एच, ए. बातमीत वर्धा होतं. ब्रेंडा मिलनर यांनी अभ्यासलेला हेन्री मोलायसन मला तेव्हा आठवला. 1953 सालच्या मेंदूच्या शस्त्रक्रियेनंतर त्याला नवं काही लक्षात राहत नसे, पण आरशात पाहून चांदणीच्या कडेने पेन्सिल फिरवायला तो तीन दिवसांत सराईत झाला, आणि दर वेळी आपण हे पहिल्यांदाच करतोय असं त्याला वाटे. बाबांची आठवण शाबूत आहे, तेवढ्यापुरती ही तुलना लागू नाही. पण हाताचं कपाट वेगळं असतं, हे डोळ्यांसमोर दिसलं. पाय कुठे आणि बोट कुठे, असं मी म्हटलं तर फिजिओ म्हणाली, बोट चुकलं तर कोणी पडत नाही, ताई.

सध्या पुण्याहून आलेला माझा भाचा रोज रात्री बाबांकडे मोर्स, म्हणजे तारेची ती कडकट्ट लिपी, शिकतो. पाटीऐवजी पेला, साउंडरऐवजी चमचा. पहिल्या दिवशी त्याने दुसऱ्या हातात मोबाइल धरला होता, बाबांनी काही न बोलता वाजवणं बंद केलं आणि मोबाइल उलटा होईपर्यंत पुन्हा सुरू केलं नाही. ई, टी, आय, एम पहिल्याच रात्री आले. मग झरझर निम्मी बाराखडी पार झाली आणि आता गाडी अडली आहे. एफ आणि एल त्याचे सारखे उलटसुलट होतात, चिडतो, हे ॲपवर लवकर येईल म्हणतो. बाबा त्याला सपाट पट्ट्याबद्दल काही सांगत नाहीत. काल त्यांनी एफ सोडून क्यू घेतला.